वाचकांचे प्रश्न : लिव्हरपूलची पेनल्टी कोणी मारली होती?

गेल्या अंकात या सदरातून आम्ही वाचकांना एक विनंती केली होती. लिव्हरपूल क्लबच्या जुन्या सामन्यांच्या, आणि विशेषतः त्या सामन्यांत पेनल्टी मारणाऱ्या खेळाडूंच्या, आपल्या आठवणी व शंका कळवाव्यात, अशी ती विनंती होती. पत्रे अपेक्षेपेक्षा अधिक आली. बहुतेक वाचकांना सामना आठवतो, प्रतिस्पर्धी संघ आठवतो, आपण तो कोणाच्या घरी बसून पाहिला तेही आठवते. मात्र चेंडू नेमका कोणी मारला आणि तो जाळीत कसा गेला, याबाबत पत्रापत्रांत फरक पडतो. पेनल्टीचा एक फटका खेळाडूच्या नावाला जन्मभर चिकटून राहतो, त्यामुळे निदान त्याबाबतीत तरी आपली आठवण बिनचूक असावी, असे मला मनापासून वाटते. त्याच भूमिकेतून निवडक प्रश्नांची उत्तरे देत आहे.

प्रश्न (पुण्याहून) : इस्तंबूलच्या अंतिम सामन्यात झाबी अलोन्सोने पेनल्टीवर तिसरा गोल केला, असे मी ठामपणे सांगतो. माझा मुलगा म्हणतो की ती पेनल्टी अडवली गेली होती. आमच्या घरात हा वाद कित्येक वर्षे चालू आहे. कोणाचे म्हणणे खरे मानावे?

उत्तर : पेनल्टीपुरते आपल्या मुलाचे म्हणणे खरे आहे आणि गोल करणाऱ्याच्या नावापुरते आपले. २५ मे २००५ च्या चॅम्पियन्स लीगच्या त्या अंतिम सामन्यात मध्यंतराला एसी मिलान ३-० ने पुढे होता. मालदिनीने पहिल्याच मिनिटाला गोल केला होता आणि क्रेस्पोने पूर्वार्ध संपता संपता त्यात दोन गोलांची भर घातली होती. उत्तरार्धात ५४ व्या मिनिटाला जेरार्डने हेडरवर, ५६ व्या मिनिटाला स्मिचेरने लांबून आणि ६० व्या मिनिटाला अलोन्सोने गोल केला आणि अवघ्या सहा मिनिटांत बरोबरी झाली. हा तिसरा गोल होण्यापूर्वी मिलानच्या गत्तुसोने जेरार्डला पाडल्यामुळे पंचांनी पेनल्टी दिली होती. अलोन्सोने उजव्या पायाने चेंडू आपल्या डाव्या कोपऱ्याकडे जमिनीलगत मारला, मिलानचा गोलरक्षक डिडा याने उजवीकडे झेप घेऊन तो अडवला, आणि परतलेला चेंडू अलोन्सोनेच धावत जाऊन डाव्या पायाने जाळीच्या वरच्या भागात धाडला.

आपली आठवण चुकली याचे मला नवल वाटत नाही. आपल्याकडे तो सामना मध्यरात्रीनंतर सव्वाबाराला सुरू झाला होता आणि त्या सहा मिनिटांत कोणाचेही भान राहिले नव्हते. त्या रात्रीची माझी वही अजून माझ्याजवळ आहे. तिच्यात निळ्या शाईने ‘३-३, अलोन्सो, पेनल्टी’ एवढेच लिहिलेले आहे आणि त्याखाली, नंतर पुनःप्रक्षेपण पाहून, पेन्सिलने ‘पेनल्टी अडवली, परतलेल्या चेंडूवर गोल’ अशी दुरुस्ती केलेली आहे. ती दुरुस्ती केली नसती, तर आज मीही आपल्याच बाजूने भांडलो असतो.

याच सामन्यातील शूटआऊटमध्ये, म्हणजे बरोबरीनंतर निकालासाठी दोन्ही संघ आळीपाळीने पेनल्टी मारतात त्यात, निर्णायक पेनल्टी जेरार्डने मारली, असे आणखी दोन वाचकांनी लिहिले आहे. जेरार्डचे नाव पाचवे होते आणि त्याची पाळी आलीच नाही. लिव्हरपूलकडून हामान, सिसे आणि स्मिचेर यांनी गोल केले, तर रीसाची पेनल्टी डिडाने अडवली. मिलानच्या सर्जिन्योने चेंडू बारवरून मारला, पिर्लोची पेनल्टी लिव्हरपूलचा गोलरक्षक येर्झी डुडेक याने अडवली, टोमासन आणि काका यांनी गोल केले, आणि शेवटी शेवचेन्कोने मधोमध मारलेला चेंडू डुडेकने झेप घेतलेल्या अवस्थेत डाव्या हाताने परतवला. ज्याच्या फटक्याची जरब साऱ्या इंग्लंडला होती, त्या रीसाने त्या रात्री नेहमीचा जोर न लावता चेंडू कोपऱ्यात सारायचा प्रयत्न केला, आणि आजही त्याचा उल्लेख निघाला की लोक तेच सांगतात. पुढच्याच वर्षी, १३ मे २००६ रोजी, कार्डिफला वेस्ट हॅमविरुद्धच्या एफए चषकाच्या अंतिम सामन्यात ३-३ बरोबरी झाल्यावर तोच रीसा पुन्हा पेनल्टी मारायला पुढे आला आणि त्याने गोल केला. हे मात्र कोणाच्याही पत्रात नाही, म्हणून ते येथे मुद्दाम नोंदवतो.

प्रश्न (कोल्हापूरहून) : मी तरुणपणी आमच्या पेठेतील तालमीच्या संघाचा गोलरक्षक होतो. डुडेकला पाय लटपटवताना टीव्हीवर पाहिल्यापासून शाहू स्टेडियमवर टायब्रेकरची वेळ आली की आम्हीही तसेच करू लागलो. ही कल्पना डुडेकची स्वतःची होती का? आणि आताच्या नियमांत हे बसते का?

उत्तर : कल्पना डुडेकची नव्हती. शूटआऊटपूर्वी त्याचा सहकारी जेमी कॅरागर धावत त्याच्यापाशी गेला आणि लिव्हरपूलचा जुना गोलरक्षक ब्रूस ग्रोबेलार याने केले होते तसे कर, पाय हलव, समोरच्याला अस्वस्थ कर, असे त्याने त्याला सांगितले. तो संदर्भ २१ वर्षांपूर्वीच्या रोममधील रात्रीचा होता. ३० मे १९८४ रोजी युरोपियन चषकाचा अंतिम सामना लिव्हरपूल आणि रोमा यांच्यात झाला, आणि तोही रोमाच्याच स्टेडियममध्ये. सामना १-१ असा सुटला आणि या स्पर्धेच्या इतिहासात प्रथमच अंतिम सामन्याचा निकाल पेनल्टींवर लागला. लिव्हरपूलची पहिलीच पेनल्टी बदली खेळाडू म्हणून आलेल्या २२ वर्षांच्या स्टीव्ह निकलने बारवरून मारली. घरच्या हजारो प्रेक्षकांपुढे रोमाचे पारडे जड झाले असताना झिम्बाब्वेच्या ग्रोबेलारने गोलजाळी दातांत धरून शेवया खाल्ल्यासारखी चावली आणि गुडघ्यांतले बळ गेल्यासारखे पाय लटपटवले. कॉन्टी आणि ग्राझियानी या इटलीच्या दोन विश्वविजेत्यांनी चेंडू बारवरून मारला. त्या दोन्ही वेळा ग्रोबेलारला चेंडूला हातसुद्धा लावावा लागला नाही, ही गोष्ट गोलरक्षक म्हणून आपल्याला विशेष भावेल. नील, सूनेस आणि रश यांनी आपले काम चोख केले होते. शेवटी डावा बचावपटू ॲलन केनेडी पुढे आला आणि ४-२ असा निकाल लागला.

नियमांविषयी सांगायचे तर, १९९७ पासून गोलरक्षकाला चेंडू मारला जाण्यापूर्वी गोलरेषेवर डावी-उजवीकडे सरकण्याची मुभा आहे, पण रेषा सोडून पुढे येण्याची नाही. २०१९ पासून चेंडूला पाय लागतो त्या क्षणी त्याचे निदान एक पाऊल रेषेवर किंवा रेषेच्या बरोबर वर असावे लागते. पिर्लोच्या वेळी डुडेक बराच पुढे आला होता, हे चित्रफितीत स्पष्ट दिसते. आज ती पेनल्टी पुन्हा मारायला सांगितली जाण्याची शक्यता मोठी होती. २०२३ मध्ये नियमाचे शब्द आणखी कडक झाले. गोलरक्षकाने पेनल्टी मारणाऱ्याचे लक्ष अन्यायाने विचलित करू नये, वेळ काढू नये, आणि खांबाला, बारला किंवा जाळीला हात लावू नये, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे ग्रोबेलारची जाळी आज चालणार नाही. लटपटणाऱ्या पायांचा निर्णय पंचांच्या मर्जीवर राहील. आपल्या तालमीतील मुलांना आपण पायाचा नियम आधी शिकवावा, अशी माझी सूचना आहे.

आपण गोलरक्षक आहात म्हणून लिव्हरपूलचा गोलरक्षक रे क्लेमन्स याचीही आठवण देतो. मे १९७३ मध्ये युएफा चषकाच्या अंतिम फेरीतील पहिला सामना लिव्हरपूलने घरच्या मैदानावर, ॲनफिल्डवर, बोरुसिया म्योन्शेनग्लाडबाखविरुद्ध ३-० ने जिंकला. त्या सामन्यात क्लेमन्सने म्योन्शेनग्लाडबाखच्या हाइन्केसची पेनल्टी अडवली होती. जर्मनीतील परतीचा सामना लिव्हरपूलने ०-२ असा गमावला आणि एकूण ३-२ ने चषक मिळवला. ती एक पेनल्टी आत गेली असती, तर एकूण ३-३ होऊन बरोबरीत प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावरचे गोल अधिक धरण्याच्या नियमाने चषक जर्मनीत राहिला असता. याच पहिल्या सामन्यात लिव्हरपूलच्या कीगननेही पेनल्टी वाया घालवली होती, पण दोन गोल करणाऱ्या कीगनचा तो फटका आता कोणाला आठवत नाही.

प्रश्न (नागपूरहून) : लिव्हरपूलच्या गोलरक्षकानेही एकदा पेनल्टी मारून गोल केला, असे ऐकले आहे. हे खरे आहे का?

उत्तर : होय. २७ फेब्रुवारी २०२२ रोजी वेम्बलीवर चेल्सीविरुद्ध लीग चषकाचा अंतिम सामना ०-० असा सुटल्यावर शूटआऊटमध्ये लिव्हरपूलच्या अकराही खेळाडूंनी गोल केले. त्यातला अकरावा केलेहर हा गोलरक्षक होता. चेल्सीने खास शूटआऊटसाठी मैदानात उतरवलेला गोलरक्षक केपा याने त्यानंतर चेंडू बारवरून मारला आणि निकाल ११-१० लागला.

प्रश्न (मुंबईहून) : लिव्हरपूलचा सर्वांत भरवशाचा पेनल्टी मारणारा कोण, यावर आमच्या मित्रमंडळात एकमत होत नाही. मी जेरार्डचे नाव घेतो, तर वयाने मोठे मित्र यान मोल्बीचे.

उत्तर : आकड्यांवर जायचे तर आपल्या ज्येष्ठ मित्रांचे म्हणणे मान्य करावे लागेल. १९८४ मध्ये आयाक्सकडून आलेल्या या डॅनिश खेळाडूने लिव्हरपूलसाठी ४५ पेनल्टी मारल्या आणि त्यांतल्या ४२ वर गोल केले. नोव्हेंबर १९८६ मध्ये ॲनफिल्डवर कोव्हेंट्रीविरुद्ध लीग चषकाच्या सामन्यात त्याने तीन गोल केले आणि तिन्ही पेनल्टीवरचे. समोर ऑग्रिझोविच हा लिव्हरपूलचाच माजी गोलरक्षक होता. अंगाने भारी, धावण्यात संथ, पण चेंडूवर पाय पडला की कसलीही घाई नाही, असा मोल्बीचा खेळ होता. हा डेन्मार्कचा माणूस पुढे अस्सल लिव्हरपुली हेल काढून इंग्रजी बोलू लागला आणि त्या शहराने त्याला आपलाच मानला, याचे मला नेहमी अप्रूप वाटते.

जेरार्डची बाजू लंगडी नाही. १६ मार्च २०१४ रोजी ओल्ड ट्रॅफर्डवर, मँचेस्टर युनायटेडच्या घरात, त्याला एकाच सामन्यात तीन पेनल्टी मिळाल्या. दोनांवर त्याने गोल केले आणि तिसरी खांबाला लागली. सामना लिव्हरपूलने ३-० ने जिंकला. दोन यशस्वी फटक्यांनंतर त्याच गोलरक्षकासमोर तिसऱ्यांदा उभे राहणे किती कठीण असते, हे त्या खांबाच्या आवाजावरून कळले.

तरीही माझा कौल या दोघांनाही नाही. मला फिल नीलचे नाव घ्यावेसे वाटते आणि एकाही पत्रात ते नसावे, याची खंत वाटते. २५ मे १९७७ रोजी रोममध्ये लिव्हरपूल प्रथमच युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यात उतरला. समोर पुन्हा म्योन्शेनग्लाडबाखच होता. २-१ अशी आघाडी असताना फोग्ट्सने कीगनला पाडले आणि ८२ व्या मिनिटाला पेनल्टी मिळाली. चेंडू जागेवर ठेवायला आला तो उजव्या बगलेवरचा हा शांत बचावपटू, आणि त्याने सामना ३-१ असा संपवून टाकला. सात वर्षांनी, त्याच मैदानावर, रोमाविरुद्ध लिव्हरपूलचा सामन्यातील एकमेव गोल नीलने केला, आणि शूटआऊटमध्ये निकलचा फटका वर गेल्यानंतर, संघ मागे पडला असताना, दुसरी पेनल्टी मारून सावरले तेही त्यानेच. निकलचे दुःख मोठे होऊ न देणारा माणूस नील होता, असे मी मानतो. निकल पुढे १९८९ मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल पत्रकारांच्या मताने वर्षातील सर्वोत्तम खेळाडू ठरला.

प्रश्न (साताऱ्याहून, क्रीडाशिक्षक) : रॉबी फाउलरने अन्यायाने मिळालेली पेनल्टी जाणूनबुजून वाया घालवली, ही गोष्ट मी अनेक वर्षे विद्यार्थ्यांना सांगत आलो आहे. अलीकडे एका विद्यार्थ्याने त्यावर शंका घेतली. खरे काय आहे?

उत्तर : गुरुजी, गोष्टीचा पहिला भाग आपण अवश्य सांगावा, दुसरा मात्र बदलावा. २४ मार्च १९९७ रोजी आर्सेनलच्या हायबरी मैदानावर त्या संघाविरुद्ध फाउलर गोलरक्षक सीमनच्या जवळून जाताना पडला. पंचांनी पेनल्टी दिली. फाउलर उठला आणि दोन्ही हात हलवत, आपल्याला कोणी पाडलेले नाही, असे तो पंचांना सांगत राहिला. पंचांनी निर्णय बदलला नाही. फाउलरने मारलेला चेंडू कमजोर होता, सीमनने तो अडवला, आणि परतलेल्या चेंडूवर जेसन मॅकअटीरने गोल केला. लिव्हरपूलने सामना २-१ ने जिंकला, म्हणजे त्या पेनल्टीतून झालेला गोल निर्णायक ठरला. आपण मुद्दाम चुकवली नाही, गोल करायचाच प्रयत्न होता, फटकाच वाईट बसला, असे फाउलरने पुढे स्वतः सांगितले आहे.

विद्यार्थ्यांना खरी घटना सांगितल्याने फाउलरचा मोठेपणा कमी होत नाही. भर सामन्यात, हाती आलेला फायदा नाकारून पंचांना खरे सांगणे हीच त्याची कृती होती आणि तेवढी पुरेशी आहे. चार दिवस आधी, युरोपीय स्पर्धेत ब्रान या क्लबविरुद्ध गोल केल्यावर त्याने जर्सी वर करून आतला शर्ट दाखवला होता. कामावरून काढल्या गेलेल्या लिव्हरपूलच्या गोदी कामगारांना पाठिंबा देणारा मजकूर त्यावर होता आणि त्याबद्दल त्याला युएफा या युरोपीय फुटबॉल संघटनेने दंड केला. हीही हकीकत वर्गात सांगण्याजोगी आहे.

प्रश्न (नाशिकहून) : शूटआऊटची पद्धत येण्यापूर्वी बरोबरीत सुटलेल्या बाद फेरीच्या सामन्यांचे काय करीत?

उत्तर : शूटआऊटचा नियम १९७० मध्ये आला. त्याआधी सामना पुन्हा खेळवीत आणि तरीही निकाल लागला नाही तर नशिबावर सोडीत. १९६५ मध्ये युरोपियन चषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत लिव्हरपूल आणि कोलोन यांचे दोन्ही सामने ०-० सुटले, म्हणून २४ मार्च रोजी रॉटरडॅमला तिसरा सामना झाला. तोही जादा वेळेनंतर २-२ राहिला. कोलोनचा वोल्फगांग वेबर पायाचे हाड मोडलेले असतानाही खेळत राहिला, कारण त्या काळी बदली खेळाडू मिळत नसे. शेवटी पंचांनी एक बाजू लाल आणि दुसरी पांढरी असलेली चकती उडवली. ती चिखलात रुतून कडेवर उभी राहिली! ती पुन्हा उडवावी लागली आणि दुसऱ्या वेळी लाल, म्हणजे लिव्हरपूलची, बाजू वर आली. तीन वर्षांनी फेअर्स चषकात ॲथलेटिक बिल्बाओविरुद्ध नाणे लिव्हरपूलच्या विरुद्ध पडले आणि संघ स्पर्धेबाहेर गेला. शूटआऊटला लॉटरी म्हणणाऱ्यांना मी रॉटरडॅमचे हे उदाहरण देतो. पेनल्टी चुकली तर तिला निदान एक माणूस जबाबदार असतो, आणि पुढच्या वेळी तो ती सुधारू शकतो.

प्रश्न (मडगावहून) : जॉन ऑल्ड्रिजने १९८८ च्या एफए चषकाच्या अंतिम सामन्यात पेनल्टी चुकवली आणि तो संपला, असे माझे मामा सांगत. तो खरोखरच त्यातून सावरला नाही का?

उत्तर : आपल्या मामांनी सांगितलेली पेनल्टी खरी आहे, पण तो संपला हे खरे नाही. १४ मे १९८८ रोजी लीगविजेता लिव्हरपूल वेम्बलीवर विम्बल्डनशी खेळला. विम्बल्डन हा अवघ्या ११ वर्षांपूर्वी व्यावसायिक लीगमध्ये आलेला लहानसा क्लब होता. सांचेझच्या हेडरने विम्बल्डन १-० ने पुढे होता. तासाभराच्या खेळानंतर ऑल्ड्रिजला पाडल्याबद्दल पेनल्टी मिळाली आणि ती मारायला तोच पुढे झाला. धावत येताना मध्येच क्षणभर थबकायचे, गोलरक्षक कोणीकडे झुकतो ते पाहायचे आणि मग मारायचे, ही त्याची ठरलेली पद्धत होती. विम्बल्डनच्या बेझंटने ती नीट अभ्यासली होती. तो थबकण्याला फसला नाही, डावीकडे झेपावला आणि चेंडू त्याने खांबाबाहेर लोटला. वेम्बलीवरील एफए चषकाच्या अंतिम सामन्यात पेनल्टी अडवली जाण्याची ती पहिलीच वेळ होती. काही मिनिटांतच ऑल्ड्रिजला बाहेर बोलावण्यात आले. बाकावर बसलेला तो, एवढेच चित्र बहुतेकांच्या मनात राहिले.

पण त्यानंतरचे वर्षही पाहावे लागते. १५ एप्रिल १९८९ रोजी हिल्सबरो येथे लिव्हरपूलचे चाहते चेंगराचेंगरीत सापडले आणि त्यात एकूण ९७ जणांचा बळी गेला. ऑल्ड्रिज मूळचा लिव्हरपूलचाच, लहानपणी याच क्लबसाठी कॉप या ॲनफिल्डच्या प्रेक्षक-कक्षातील गर्दीत उभा राहणारा. त्या दुर्घटनेने तो आतून हलला आणि काही काळ त्याला खेळणेच अशक्य वाटू लागले. पाच आठवड्यांनी, २० मे रोजी, तो पुन्हा वेम्बलीवर होता. एव्हर्टनविरुद्ध चौथ्याच मिनिटाला त्याने गोल केला आणि लिव्हरपूलने तो चषक ३-२ ने जिंकला.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रेआल सोसिएदाद या स्पॅनिश क्लबशी त्याचा करार ठरला. १२ सप्टेंबर १९८९ रोजी ॲनफिल्डवर क्रिस्टल पॅलेसविरुद्ध तो बाकावर होता. लिव्हरपूलने तो सामना ९-० ने जिंकला, पण त्या रात्रीची खरी आठवण आकड्याची नाही. गोलांचा पाऊस पडत असताना लिव्हरपूलला पेनल्टी मिळाली आणि कॉपमधून ऑल्ड्रिजच्या नावाचा पुकारा सुरू झाला. बियर्डस्ली बाहेर आला आणि ऑल्ड्रिज आत गेला. मैदानावर त्याने केलेले पहिले काम म्हणजे चेंडू पेनल्टीच्या जागी ठेवणे. त्याने गोल केला. सामना संपल्यावर त्याने जर्सी काढली, बूट काढले, आणि ज्या गर्दीत तो मुलगा म्हणून उभा राहत असे त्या गर्दीत ते भिरकावून दिले.